रात्रपाळीच्या रकान्यातलं एकच नाव

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई यांस



तिच्या एप्रनच्या खिशात चार घड्या घातलेला एक कागद असतो. पट्टीने आखलेला. डावीकडे नावं: जोशी आजी, कर्नल आजोबा, खिडकीजवळच्या आजी, नवीन आजोबा. वर रात्री आठपासून सकाळी आठपर्यंतचे तास. चौकोनांत बारीक अक्षरात सिंडोपा, इन्सुलिन, फीड, युरोबॅग, पोझिशन, पोझिशन, पुन्हा पोझिशन. काम झालं की चौकोनावर टिक. पहाटेपर्यंत घामाने आणि सॅनिटायझरने तो कागद इतका मऊ होतो की घडीवरच फाटतो. दुसऱ्या दिवशी नवा आखायचा.

हा कागद तिला संस्थेने दिलेला नाही आणि कॉलेजातही कुणी शिकवलेला नाही. नोकरीच्या चौथ्या दिवशी तिने तो स्वतःच आखला, कारण तिसऱ्या रात्री कर्नल आजोबांची पार्किन्सनची गोळी पाऊण तास उशिरा गेली होती. सिंडोपातल्या लेव्होडोपाची वेळ चुकली की शरीर थिजतं. आजोबा बाथरूमच्या उंबरठ्यावर पाय उचलायला गेले आणि तिथेच खिळले. तिचा हात त्यांच्या काखेत, मावशी खुर्ची आणायला धावलेल्या, आणि वरच्या मजल्यावर कुणाची तरी बेल वाजते आहे.

ही मुलगी कोण, असं कृपा करून विचारू नका. ती एक नाही, म्हणून तिला इथे नाव दिलेलं नाही. ती लातूरकडून येते किंवा यवतमाळकडून. तीन वर्षांचं जीएनएम झालेलं असतं, महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदणीचा कागद हातात येऊन दोन महिने झालेले असतात. मोठी हॉस्पिटलं अनुभव मागतात. अनुभव मिळतो कुठे, तर जिथे अनुभवी माणूस टिकत नाही तिथे. पुण्या-ठाण्याकडच्या एखाद्या वृद्धांच्या केअर सेंटरची जाहिरात तिच्या व्हॉट्सॲपवर येते: राहणं-जेवण मोफत, फ्रेशर चालेल. 'फ्रेशर चालेल' या दोन शब्दांबद्दल हे पत्र आहे.

आता जरा हिशेब करू. आकडे गृहीत धरलेले आहेत, पण अशा जागी काम केलेल्या कुणालाही ते अनोळखी वाटू नयेत. २४ आजी-आजोबा, त्यातले ९ पूर्ण अंथरुणाला खिळलेले. रात्री एक सिस्टर आणि दोन मावशी. खिळलेल्या माणसाची कूस (कागदावरचं 'पोझिशन') साधारण दर दोन तासांनी बदलायची असते. एकीने वळवायचं, दुसरीने उशी सरकवायची, चादरीची सुरकुती काढायची, डायपर बघायचा, टाचा आणि माकडहाड निरखायचं. एकाला ६ मिनिटं धरली तर नऊ जणांची ५४ मिनिटं होतात. म्हणजे दर दोन तासांतला जवळजवळ एक तास कुशी बदलण्यातच जातो, आणि अशा सहा फेऱ्या. गोळ्यांची फेरी वेगळी. एकाला ४ मिनिटं म्हटली तरी ९६ मिनिटं; कुणाची गोळी कुटून द्यायची, कुणाची अजिबात कुटायची नाही, कुणी ती गालात धरून ठेवतं आणि सिस्टरची पाठ वळली की उशीखाली सरकवतं. नळीने फीड दिल्यावर माणसाला निदान अर्धा तास आडवं करता येत नाही, म्हणजे त्याची कूस बदलायची वेळ सरकते. ती सरकली की खालची सगळी उतरंड सरकते.

या हिशेबात कुणी पडलेलं नाही, कुणाला ताप आलेला नाही, कुणाची साखर उतरलेली नाही आणि कुणी कॅथेटर ओढून काढलेला नाही. चोवीस म्हाताऱ्या माणसांच्या घरात अशी रात्र नसते.

सिस्टर सकाळी आठला ओव्हर देते, म्हणजे दिवसपाळीला एकेका आजी-आजोबांची हकिगत सांगते, आणि मग खोलीवर जाऊन झोप येत नाही म्हणून छताकडे बघत पडते. जोशी आजींचं दोनचं पोझिशन झालं होतं का? टिक केली होती, पण काम करून केली होती की सवयीने? हा प्रश्न तिला कुणी विचारलेला नाही. तो तीच स्वतःला विचारते, आणि दुसऱ्या रात्री ड्युटीला जाताना पोटात गोळा येतो.

या अवस्थेला ५० वर्षांपूर्वी नाव मिळालं आहे. मार्लिन क्रेमर या अमेरिकी परिचर्या-संशोधिकेने १९७४ मध्ये 'रिॲलिटी शॉक' नावाचं पुस्तक लिहिलं. परिचारिका परिचर्या का सोडून जातात, हाच त्याचा विषय. आधी नवलाईचे दिवस, मग धक्का, मग सावरणं, मग काहीतरी तोडगा, अशा पायऱ्या त्यांनी मांडल्या. त्यांच्या म्हणण्यातला महत्त्वाचा भाग असा की धक्का मुलीच्या हळव्या स्वभावातून येत नाही. शाळेने शिकवलेलं काम आणि कामाच्या जागेने मागितलेलं काम यांच्यात फट असते, आणि धक्का त्या फटीतून बसतो.

आपल्याकडे ही फट आणखी एका कारणाने रुंद आहे. ती ज्या वॉर्डात शिकली तिथे खाटेशेजारी नातेवाईक होते. पेशंटला भरवणं, अंग पुसणं, भांडं देणं, रात्री उठून पाणी पाजणं, हे त्याची बायको, सून किंवा गावाकडून आलेला भाऊ करत होता. सिस्टरने सलाईन लावायचं, इंजेक्शन द्यायचं, केस पेपर लिहायचा. वरती इन्चार्ज होती, शेजारच्या वॉर्डात वर्गमैत्रीण होती, खाली कॅज्युअल्टीत डॉक्टर होता. केअर सेंटरमध्ये नातेवाईक रविवारी येतात, केळी आणि मारी बिस्किटं घेऊन. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात आणि एरवी फोनवर असतात. इन्चार्ज? इन्चार्ज तीच.

शिवाय वॉर्डातला पेशंट आठ-दहा दिवसांत घरी जायचा. इथे कुणी घरी जात नाही. आजी मार्चमध्ये आल्या, दिवाळीतही आहेत, आणि त्यांना सकाळी चहात साखर दीड चमचाच लागते हे आता तिला आईच्या चहापेक्षा जास्त पाठ आहे. लंडनमधल्या एका शिक्षण-रुग्णालयाचा इझाबेल मेन्झीस या मनोविश्लेषक बाईंनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस अभ्यास केला होता. परिचारिकांवरचा मानसिक ताण आटोक्यात राहावा म्हणून तिथे कामाचे बारीक तुकडे केलेले होते आणि रुग्णांना नावाऐवजी खाटेच्या नंबराने किंवा बिघडलेल्या अवयवाने ओळखायची पद्धत पडली होती. ताण काही कमी झाला नव्हता. सुमारे एक तृतीयांश विद्यार्थिनी शिक्षण अर्धवट सोडून जात होत्या. केअर सेंटरमध्ये तर तेवढीही आड उरत नाही. दोनशे दिवस ज्यांना घास भरवला त्यांना 'बेड नंबर सात' म्हणणं कुणाला जमेल? तिच्या कागदावर नंबर नाहीत, 'खिडकीजवळच्या आजी' आहेत, ते उगाच नाही.

या खिडकीजवळच्या आजी प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. दुपारभर शांत असतात. दिवस कलला की त्यांना घरी जायचं असतं, दार ठोठावतात, मुलं वर्गात वाट बघताहेत म्हणतात. डिमेन्शियात संध्याकाळी असं होतं, हे तिने पुस्तकात वाचलं होतं. काय करायचं ते पुस्तकातून हाताशी आलं नाही. पहिल्या आठवड्यात तिने समजावून पाहिलं, मग दटावून पाहिलं, आणि आजींनी तिच्या मनगटाला ओरखडा काढला. दुसऱ्या आठवड्यात एका मावशींनी धुतलेल्या अभ्र्यांचा ढीग आजींच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, "बाई, एवढं तपासून द्या." आजी तासभर अभ्रे घड्या करत बसल्या. हे शास्त्र आहे, आणि ते त्या जागेतल्या सगळ्यात कमी पगाराच्या बाईला येत होतं. नव्या सिस्टरला ते कळलं ते मावशी त्या दिवशी सुटीवर नव्हत्या म्हणून.

पहिला मृत्यू असाच येतो. पहाटे चारची फेरी, नवीन आजोबांचा श्वास वेगळा लागतो आहे. ऑक्सिमीटर, डॉक्टरांना फोन, ॲम्ब्युलन्सला फोन, पुन्हा डॉक्टरांना फोन. मग मुलाला. मुलगा न्यू जर्सीत, तिकडे संध्याकाळ, तो गाडी चालवतो आहे. बावीस वर्षांच्या मुलीने 'तुमचे वडील गेले' हे वाक्य आयुष्यात कधी उच्चारलेलं नसतं. ती ते मराठीत सुरू करते, मध्येच इंग्रजीत जाते, मुलगा विचारतो, "लास्ट कधी चेक केलं होतं?" तिला तो दोष दिल्यासारखा वाटतो. बहुधा तो नुसताच विचारत असतो. सहा वाजता शुगरची फेरी असते आणि तिला ती करावीच लागते, कारण करायला दुसरं कुणी नाही.

यावर तिला मिळणारे सल्ले ठरलेले आहेत. सवय होईल. खंबीर हो. एवढं मनाला लावून घेऊ नको. सुटीत घरी जाऊन ये. १२ मेला, फ्लोरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्मदिवशी, परिचारिका दिन असतो. त्या दिवशी संस्थेतर्फे गुलाबाचं फूल, केक आणि एखादं तणावमुक्तीवरचं व्याख्यान. (व्याख्यान सकाळी अकराला ठेवतात, म्हणजे रात्रपाळीवाल्या सिस्टरने ते झोप मोडून ऐकायचं.) यातला कुठलाच सल्ला दुष्ट नाही. पण सगळे सल्ले तिलाच उद्देशून आहेत, जणू बिघाड तिच्यात आहे. आणि ती तर आपल्या परीने मार्ग काढतेच आहे! कागद आखते, मावशींकडून शिकते, नाशिकच्या मैत्रिणीला रात्री दीडला मेसेज करून विचारते की नळीतून मागे आलेलं पाणी कॉफीच्या रंगाचं असेल तर काय करायचं. रात्री दीडला उत्तर देणारं अनुभवी माणूस तिला हवं आहे, आणि ते वर्गमैत्रीण असू नये.

मंत्रिमहोदय, दीर्घकाळच्या परिचर्येचं एक असामान्य उदाहरण मुंबईतच घडून गेलं. केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ ला तिथल्याच एका सफाई कामगाराने हल्ला केला. ड्युटी संपवून त्या कपडे बदलायला तळघरात गेल्या होत्या, एकट्या. मुंबईच्या परिचारिकांनी त्यानंतर सुरक्षिततेसाठी संप केला. अरुणाताई मात्र पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. १८ मे २०१५ ला न्यूमोनियाने त्यांचं निधन झालं, तोवर ४१ वर्षांहून अधिक काळ केईएमच्या परिचारिकांनी त्यांचं सगळं केलं.

२०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या प्रकरणात निकाल दिला आणि देशभर चर्चा झाली ती दयामरणाची. साहजिक होतं. पण त्याच खटल्याच्या कागदपत्रांत परिचर्येबद्दल दोन गोष्टी आहेत, त्यांच्याकडे फारसं लक्ष गेलं नाही. रुग्णालयाच्या अधिष्ठात्यांनी न्यायालयाला सांगितलं होतं की इतक्या वर्षांत अरुणाताईंना एकही बेडसोर झालेला नाही. आणि दुसरं, शिकाऊ परिचारिकांची प्रत्येक नवी तुकडी आली की तिला अरुणाताईंकडे नेलं जातं, ही आपल्यातलीच एक, अशी ओळख करून दिली जाते.

या गोष्टीकडे मायेची गोष्ट म्हणून पाहण्याचा मोह होतो. माया होतीच, पण त्या मायेला तीन पाळ्यांचं रोस्टर होतं. एक थकली की दुसरी होती, दुसरीच्या वर सिस्टर इन्चार्ज होती, तिच्या वर मेट्रन. नवी मुलगी त्या खोलीत पहिल्यांदा गेली ती जुन्या हाताबरोबर गेली. कूस कशी वळवायची, घास कसा द्यायचा, कशाने त्रास होतो, हे एका पिढीने दुसऱ्या पिढीला खाटेपाशी उभं राहून दाखवलं. जवळजवळ चार दशकं बेडसोर न होऊ देणं हा एका त्यागमूर्तीचा पराक्रम नव्हता. तशा पराक्रमावर विसंबून राहिलं असतं तर ती त्यागमूर्ती दोन वर्षांत राजीनामा देऊन गेली असती.

बेडसोरचं इथे मुद्दाम सांगायचं कारण, केअर सेंटरमध्ये नव्या सिस्टरला पहिला ठपका बहुधा त्याच्यावरून येतो. रविवारी आलेली लेक चादर वर करते आणि माकडहाडापाशी लाल चट्टा पाहते. बेडसोर झाला तर दोष बहुधा आजाराचा नसून परिचर्येचा असतो, असं नाइटिंगेल यांनी १८६० च्या आगेमागेच लिहून ठेवलं आहे. कुणाला तो होण्याचा धोका किती, हे मोजायची पट्टी डोरीन नॉर्टन या ब्रिटिश परिचारिकेने १९६२ च्या संशोधनातून पुढे आणली, आणि ते संशोधन वृद्धांच्याच वॉर्डांमधलं होतं. म्हणजे हा विषय हलका, आयांनी करायचा, असं ज्यांना वाटतं त्यांनी ध्यानात घ्यावं की परिचर्येचं एक पायाभूत शास्त्र म्हाताऱ्या माणसांच्या पाठीवरून शिकलं गेलं आहे. दोष परिचर्येचा, हेही कबूल. पण परिचर्या म्हणजे रात्री दोन वाजता जागी असलेली एकच मुलगी, असा अर्थ नाइटिंगेल यांनी तरी लावला नव्हता.

आता जरा परदेशाकडे, कारण आपल्याच सरकारने तिकडे बोट दाखवलं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केला: इथून १०,००० कुशल तरुण-तरुणी तिकडे जाणार, त्यांत परिचारिकाही. जर्मनीला त्या हव्यात, कारण तिथे २०२३ च्या अखेरीस सुमारे ५७ लाख लोक दीर्घकालीन काळजीवर अवलंबून होते. म्हणजे लातूरची ही मुलगी जर्मन शिकली तर तिकडच्या एखाद्या वृद्धनिवासात जाऊ शकते, आणि तिथे तिला याच आजी-आजोबांच्या जर्मन आवृत्तीची कूस वळवायची आहे.

तिकडे सगळं आलबेल आहे असं समजू नये. जर्मन वृद्धनिवासांतही रात्री एकटीने मोठा मजला सांभाळणाऱ्या परिचारिका आहेत आणि त्या मोठ्याने तक्रार करतात. नुसती डोकी मोजली तर इथली चोवीस जणांची रात्र तिकडच्या काही रात्रींपेक्षा वाईट ठरणार नाही. फरक आहे तो एकटं सोडण्याआधी काय करतात यात. २०२० पासून लागू झालेल्या त्यांच्या परिचर्या-शिक्षणाच्या कायद्यात तीन वर्षांत २,५०० तास प्रत्यक्ष काम आहे, आणि त्यातले किमान १० टक्के तास शिकवण्यासाठी खास तयार केलेल्या अनुभवी परिचारिकेच्या हाताखाली गेलेच पाहिजेत. परदेशातून आलेल्या परिचारिकेला पात्रता मान्य होईपर्यंत देखरेखीखालीच काम करावं लागतं. ऑस्ट्रेलियाने वृद्धसेवेवर शाही आयोग नेमला, २०२१ मध्ये त्याचा अहवाल आला, आणि आता तिथे वृद्धनिवासात चोवीस तास नोंदणीकृत परिचारिका लागते. ऑक्टोबर २०२४ पासून दर रहिवाशामागे रोज सरासरी २१५ मिनिटांची सेवा, त्यातली ४४ मिनिटं नोंदणीकृत परिचारिकेची, असा नियम आहे. अमेरिकेनेही २०२४ मध्ये दर रहिवाशामागे रोज ३.४८ तासांचा नियम केला होता. नर्सिंग होमवाले न्यायालयात गेले आणि २०२५ मध्ये टेक्सासमधल्या संघीय न्यायालयाने तो रद्द केला. मालकांचा विरोध होणार, हे त्यावरून आधीच कळतं.

आपल्याकडे नवा कायदा करा, असं हे पत्र म्हणत नाही. नव्या कायद्याला दहा वर्षं लागतात आणि तोवर ही मुलगी कॉल सेंटरला लागलेली असते. जुनाच काढून वाचावा. मूळचा मुंबई आणि आता महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायदा १९४९ चा आहे. शुश्रूषागृह कशाला म्हणायचं, याच्या त्याच्या व्याख्येत आजार आणि दुखापत यांच्या जोडीला दुर्बलतेने ग्रासलेल्या माणसांना ठेवून त्यांची शुश्रूषा करण्याची जागाही येते. नोंदणी कोणत्या कारणांनी नाकारता येईल, हे सांगताना तो कायदा पात्र परिचारिकांच्या योग्य प्रमाणाची अट घालतो. ज्या घरात नळीने जेवणारी, कॅथेटर लावलेली, इन्सुलिनवर असलेली माणसं राहतात, ते घर या व्याख्येत बसत नसेल तर मग काय बसतं? पण दारावरची पाटी 'वृद्धाश्रम', 'निवारा', 'केअर होम' अशी काही असली की त्या घराकडे शुश्रूषागृह म्हणून बघायचं कुणाला सुचत नाही.

वृद्धाश्रम म्हटलं की विषय सामाजिक न्याय विभागाकडे जातो. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या केंद्रीय कायद्याचं कलम १९ जिल्ह्याजिल्ह्यात निदान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असे वृद्धाश्रम उभारण्याबद्दल बोलतं, आणि तिथल्या सेवांचा दर्जा ठरवायचं काम राज्य सरकारवर सोपवतं. शुश्रूषागृह म्हटलं की तो आपल्या खात्याचा प्रांत. मुलीचं शिक्षण हा वैद्यकीय शिक्षण विभागाचा. तीन तिघाडा काम बिघाडा म्हणतात ते हेच. तिन्ही खात्यांना तिच्याबद्दल थोडं थोडं ठाऊक आहे, आणि रात्री दोनला ती एकटी आहे हे कुणाच्याच फायलीत नाही. सरकारी परिचारिकांना निदान संघटना आहे. २०२२ मध्ये कंत्राटी भरतीच्या विरोधात त्या संपावर गेल्या तेव्हा मंत्रालयाला दखल घ्यावी लागली. तीन मजली बंगल्यातल्या एकट्या सिस्टरने संप केला तर आजींचं पोझिशन चुकेल, एवढंच होईल.

पगाराचं थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांसाठी शिफारस केली होती: ५० पेक्षा कमी खाटा असतील तरीही दरमहा किमान २०,००० रुपये, आणि २०० हून अधिक खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतकं वेतन. ती अमलात आणायची ती राज्यांनी. पुढचं आपण जाणता.

मालकांची बाजूही ऐकायला हवी. सगळेच काही नफेखोर नाहीत. कित्येकांनी स्वतःच्या आईचे हाल पाहून हे घर सुरू केलेलं असतं. दोन सिस्टर ठेवल्या तर महिन्याचा दर वाढेल आणि पेन्शनवर जगणारं कुटुंब माणसाला परत घरी नेईल, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. म्हणून हे पत्र उद्यापासून प्रत्येक मजल्यावर दोन सिस्टर मागत नाही. त्याची मागणी लहान आहे. नोंदणीनंतरच्या पहिल्या नोकरीचे पहिले तीन महिने कुठल्याही परिचारिकेला रात्रपाळीत एकटीने ठेवू नये. तिच्याबरोबर अनुभवी सिस्टर असावी. नंतरच्या नऊ महिन्यांत रात्रभर फोन उचलणारी एक ज्येष्ठ परिचारिका नेमून दिलेली असावी. चार-पाच सेंटरांनी मिळून एक नेमली तरी चालेल, आणि केईएमसारख्या रुग्णालयांतून निवृत्त झालेल्या सिस्टर या कामाला मिळतील. घरात कुणाचा मृत्यू झाला तर पुढच्या फेरीआधी सिस्टरला पंधरा मिनिटं खाली बसता यावं आणि त्या वेळात फेरी दुसऱ्या कुणी करावी. आणि दारावर पाटी कुठलीही असो, नळी, कॅथेटर किंवा इन्सुलिनवरची माणसं ठेवणारं प्रत्येक घर १९४९ च्या कायद्याखाली नोंदलं जावं.

हे करायला महापालिकांना आणि जिल्हा शल्यचिकित्सकांना एक परिपत्रक पुरेल, आणि ते काढायचा अधिकार आपल्याच खात्याचा आहे.

एक विनंती मात्र आहे. हे पत्र वाचून एखाद्या केअर सेंटरला भेट द्यायला जाऊ नका. मंत्री येणार म्हटलं की चादरी बदलतात, आजोबांची दाढी होते, आयत्या वेळी नर्सिंग ब्युरोकडून चार सिस्टर आणून उभ्या केल्या जातात आणि खिडकीजवळच्या आजींच्या हातात पुष्पगुच्छ दिला जातो. त्यापेक्षा राज्यातल्या कुठल्याही दहा सेंटरांची मागच्या तीन महिन्यांची रात्रपाळीची रोस्टरं मागवा. रात्रीच्या रकान्यात एकच नाव दिसलं, तर त्या नावाची नोंदणी कधी झाली एवढं परिचर्या परिषदेकडून विचारून घ्या.

कळावे,
आपला नम्र,
या राज्यातला एक नागरिक